मेतकुटावर चाललेली फियाट

माझ्या नवऱ्याला इंजिनातलं कळतं, असा त्यांचा एकट्याचा समज आहे. मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर आमची सोसायटी, तिथे हा समज दुसऱ्या कुणाचाही नाही. मार्तंड टिपणीस यांनी आयुष्यभर नोकरी केली ती भांडुपच्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये. म्हणजे कामगारांना नट-बोल्ट काढून द्यायचे आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. यंत्राला त्यांचा हात लागू देण्याइतके तिथले साहेब वेडे नव्हते. मग राहिलेली हौस भागवायला त्यांनी एक जुनी फियाट घेतली. फिक्या निळ्या रंगाची, घाटकोपरच्या एका बदली झालेल्या इन्कम टॅक्सवाल्याकडून. ती दारात आली त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात कुठलीही वस्तू जागेवर सापडलेली नाही.

कागदोपत्री ही गाडी पेट्रोलवर चालते. प्रत्यक्षात ती माझ्या संसारावर चालली. टाकी गळायला लागली, की धुण्याच्या साबणाची वडी गायब. मार्तंडराव गाडीखाली उताणे पडून गळतीवर साबण घासत बसत. “पेट्रोलने साबण विरघळत नाही, शकु,” असं ते मला दरवेळी सांगत, आणि दरवेळी अशा आवाजात, की शोध आत्ताच लागलाय. पावसाळ्यात गाडी चालू झाली नाही, की प्लग काढून वर आणत आणि माझ्या तव्यावर भाजत. पोळ्यांच्या तव्यावर. त्या दिवसांत आमच्या पोळ्यांना जो वास यायचा, त्याला पाहुणे बिचारे खमंग म्हणायचे. बॅटरीच्या टोकांवर पांढरं चढलं, की माझा खायचा सोडा आणि गरम पाणी. वायरी दमट झाल्या, की आमच्या मुलीचा, कल्पिताचा हेअर ड्रायर. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरगी ओल्या केसांनी गेली, पण गाडी कशी कोरडी ठणठणीत होती.

एकदा माझ्या माहेराहून, अलिबागहून येताना पेणजवळ फॅनबेल्ट तुटला. यांनी बॉनेट उघडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि परकराची नाडी मागितली. दिली. काय करते? ती तिहेरी वळून त्यांनी अशी बसवली, की आम्ही रडतखडत पनवेलपर्यंत आलो. सगळा वेळ मी एका हाताने साडी धरून बसले होते. ती नाडी मला अजून परत मिळालेली नाही.

या सगळ्यामागे त्यांचं एक शास्त्र आहे. त्यांच्या मते गाडीची आणि माणसाची दुखणी सारखीच, तेव्हा औषधंही सारखीच. थंडीत चालू झाली नाही तर तिला सर्दी झालीय. काळा धूर काढला तर अपचन. उन्हात अडून बसली तर ताप. यातला ताप मात्र खरा असतो. कडक उन्हात पेट्रोलचा पंप इतका तापतो, की आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रस्त्यात बसकण मारते. त्यावर सगळे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं ठेवायचे. पण माझ्या सासूबाई पोरांच्या तापाला मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत, म्हणून मार्तंडरावांनी पंपालाही मिठाच्या पाण्याच्याच पट्ट्या ठेवल्या. दोन-तीन उन्हाळ्यांत पंप गंजून गेला. नवा बसवल्यावर त्यांनी मीठ बंद केलं, पण चूक काही कबूल केली नाही. फडकं जुन्या सुती साडीचंच लागे, कारण ते पाणी धरून ठेवतं. एकदा कल्पिताला आणि गाडीला एकाच दिवशी ताप आला आणि घरात मऊ साडी एकच उरली होती. तिचे दोन तुकडे झाले. मोठा कुणाला मिळाला ते मी सांगत नाही.

मला चीड यायची का? यायची. मी बोलायचे का? रोज. पण खोटं कशाला बोलू, या गाडीने आम्हाला रस्त्यात थांबवलं भरपूर, सोडलं कधीच नाही. प्रत्येक वेळी आम्ही तिच्यातूनच घरी आलो.

आता आमची बिल्डिंग पाडायला निघाली आहे. रिडेव्हलपमेंट. सोसायटीचा सेक्रेटरी निमेश घरोघरी जाऊन जागा रिकामी करायची तारीख सांगून गेला. आम्ही भाड्याने घेतलेलं घर मुलुंड पश्चिमेला आहे आणि तिथे सायकल लावायचीही सोय नाही. म्हणजे गाडी जाणार हे ठरलंच. प्रश्न होता, कुठे. कल्पिता लग्नानंतर पुण्याला असते. तिने तिथे बसून एक नितेश शोधून काढला. मालाडचा. सिनेमा-सिरियलच्या शूटिंगला जुन्या गाड्या पुरवणारा.

नितेशने फोनवर स्वच्छ सांगितलं. “काका, गाडी स्वतःच्या चाकांवर मालाडला आली तर मी ठेवून घेतो. रंगबिंग मारतो, शूटिंगला फिरवतो, मजेत राहील. पण टो करून आणायला लागली तर मला नको. मग सरळ कुर्ल्याला भंगारात द्या.”

“कुर्ल्याला ती जाणार नाही,” एवढंच मार्तंडराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्या आमटीला एकदाही नावं ठेवली नाहीत, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. पैशाचं त्यांना काही नव्हतं. जिला इतकी वर्षं जगवली तिच्यावर कुणीतरी घण घालणार, हे त्यांना सोसणारं नव्हतं. मलाही नव्हतं, पण ते मी त्यांना कशाला सांगू?

मे महिन्यातला रविवार ठरला. ऊन चढायच्या आत निघायचं असा बेत होता आणि बेत आमच्याकडे नेहमीच चांगले असतात. उपचारांची पिशवी त्यांनी स्वतः भरली. साबण, साडीचं फडकं, एक नाडी (माझीच), पाण्याच्या बाटल्या आणि हळद. हळद रेडिएटरसाठी. रेडिएटर बारीक गळत असला तर त्यात हळद टाकतात, ती जाऊन भोकात बसते. अंड्याचा पांढरा भागही चालतो म्हणे. तो प्रयोग त्यांनी एकदा केला होता आणि पुढे आठवडाभर गाडीत ऑम्लेटचा वास येत होता, म्हणून अंड्यावर माझी बंदी होती.

माझं स्वयंपाकघर तेव्हा खोक्यांत गेलं होतं. आणि आमच्या घरात कुठलीही पूड श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातच असते. सगळे डबे सारखे. आत काय आहे ते झाकण उघडून हुंगल्याशिवाय कळत नाही, आणि यांचं नाक कोविडपासून कामातून गेलेलं. त्यांनी खोकं फोडलं, एका डब्यात पिवळी पूड दिसली, डबा पिशवीत टाकला. मला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण गाडीच्या बाबतीत त्यांनी मला कधी विचारलेलं नाही. फक्त मागितलेलं आहे.

निघताना गाडीने अर्थातच नखरे केले. सेक्रेटरी निमेशने आणि वॉचमनने गेटपर्यंत धक्का दिला तेव्हा कुठे ती खोकत खोकत चालू झाली. निमेशने हात हलवून निरोप दिला आणि मग हाताला लागलेला काळा डाग बघत बसला. हायवेला लागलो आणि मला वाटलं, चला, बरी चाललीय. तसं मी मनात म्हटलं आणि कांजूरमार्गला लिंक रोडला वळायच्या जरा आधी बॉनेटमधून वाफ यायला लागली.

गाडी बाजूला घेतली. तिथल्या कचऱ्याच्या डम्पिंगचा वास ऐन भरात होता. मार्तंडरावांनी बॉनेट उघडून बराच वेळ इंजिन थंड होऊ दिलं, मग फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं. खाली वाकून पाहिलं. पाणी थेंब थेंब नाही, चांगलं धारेने गळत होतं.

“शकु, हळद.”

मी डबा दिला. त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं आणि वर तो अख्खा डबा रिकामा केला. आणि मग तो वास आला. भाजलेल्या डाळींचा, मेथ्यांचा, हिंगाचा. कांजूरच्या त्या वासातूनही आला, म्हणजे बघा.

“अहो! मेतकूट आहे ते!”

“मेतकूट?” त्यांनी डब्यात बोट फिरवून चाखलं. “कसं शक्य आहे?”

“कसं म्हणजे? माझ्या बहिणीने अलिबागहून वर्षाचं करून पाठवलेलं आख्खं मेतकूट तुम्ही त्या भोकात घातलंत!”

“काय काय असतं त्यात?”

“हरभऱ्याची डाळ, तांदूळ, गहू, उडीद, मेथ्या, सुंठ, हिंग...”

“आणि हळद?”

“हळद असतेच.”

“मग आहे की हळद!” असं म्हणून त्यांनी झाकण घट्ट लावलं.

यानंतर मी भररस्त्यात उभी राहून जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एक रिक्षावाला तर ऐकायला थांबला. डाळी-तांदळाची पूड गरम पाण्यात पडली की काय होतं, हे कुठल्याही बाईला कळतं. ती फुगते, पाणी घट्ट होतं. यांनी रेडिएटरमध्ये पिठलं करायला घेतलं होतं. पण गाडी परत चालू केली आणि मार्तंडराव रस्त्यावर चक्क आडवे होऊन खाली बघत राहिले. धार बारीक झाली. मग थेंब झाले. मग तेही थांबले. ते उठले, शर्टाची धूळ झटकली आणि माझ्याकडे असे बघायला लागले, की मला त्या रिक्षातून घरी जावंसं वाटलं.

भोक बुजलं हे खरं, पण पिठलं काय फक्त भोकातच बसणार? आतलं पाणी फिरेनासं झालं. पवईपर्यंत तापमानाचा काटा लाल रंगात जाऊन बसला. मार्तंडरावांनी वारं लागावं म्हणून बॉनेटच्या फटीत माझं लाटणं अडकवलं. हो, लाटणंही पिशवीत होतं. पंपाची पट्टी बदलायला प्रत्येक सिग्नलला मी उतरत होते. एकदा सिग्नल सुटला तरी मी बाहेरच, हातात ओलं फडकं, मागे सगळे हॉर्न वाजवतायत. एक मोटारसायकलवाला म्हणाला, “आजी, सोडा ना यार, गेली ती!”

“तुझी जाईल आधी,” मी म्हटलं आणि आत बसले. या गाडीला बाहेरच्या माणसाने काही बोललेलं मला खपत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मालाडला मार्वे रोडच्या आत एका पत्र्याच्या शेडमध्ये नितेशच्या गाड्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेटमधून वाफ, आत आम्ही दोघं घामाने निथळतोय आणि सगळीकडे मेतकुटाचा घमघमाट. यांनी इंजिन बंद केलं नाही. एकदा बंद केलं तर परत चालू होईल याची खात्री नव्हती. नितेश धावत आला. तिशीतला पोरगा, हसरा. त्याने गाडीला एक चक्कर मारली, दोन-चार वेळा गिअर टाकून पुढे-मागे केली, ब्रेक बघितले आणि उतरून हात चोळत म्हणाला, “झकास! ठेवून घेतली, काका. पण वास कसला येतोय हो? एकदम भूकच लागली.”

मार्तंडरावांचा चेहरा काय फुलला! त्यांनी लगेच त्या पोराला गाडीची सगळी प्रकृती सांगायला घेतली. उन्हाळ्यात पट्ट्या ठेवायच्या, पण मीठ नाही घालायचं. पावसाळ्यात प्लग भाजायचे, मंद आचेवर. साबण धुण्याचाच घ्यायचा, अंगाचा चालत नाही. नितेशने बरंच ऐकून घेतलं. पोरगा चांगला होता, म्हणूनच बहुतेक खरं बोलला.

“काका, हे सगळं आता लागणार नाही. इंजिन मी काढून टाकणार. सगळ्याच गाड्यांचं काढतो. आत नवीन बसवायचं. हिरो गाडीत बसला आणि गाडी चालूच नाही झाली, तर माझी वाट लागेल ना!”

“मग चालवत आणायला कशाला सांगितलंस रे?” मी विचारलं.

“चालत आली म्हणजे गिअर, ब्रेक, चेसिस बरी आहे एवढं कळतं, काकू. इंजिन काय, तसंही भंगारातच जातं.”

मार्तंडराव चष्मा काढून पुसायला लागले. बोलले मी.

“नाही द्यायची. अहो, बसा गाडीत. चला घरी.”

“घरी कुठे लावायची?” यांनी विचारलं.

“माझ्या डोक्यावर लावा!”

आणि मी रडायला लागले. त्या शेडमध्ये, परक्या पोरासमोर, हातात ओलं फडकं घेऊन. मी या गाडीसाठी रडेन, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसून हसून वेडी झाले असते. पण तेव्हा मला ते घर, ती सोसायटी, सगळं गेल्यासारखं वाटलं आणि आवरेना.

मार्तंडरावांनी मला बाजूला नेलं. “शकु, अगं, हे इंजिन तरी कुठे मूळचं आहे?”

“म्हणजे?”

“तू आईच्या आजारपणात अलिबागला महिनाभर होतीस ना, तेव्हा ते पार बसलं होतं. मी कुर्ल्याहून दुसरं आणून टाकलं. तुला बोललो नाही. ओरडली असतीस.”

मला इतका राग आला, की रडू जागच्या जागी थांबलं. म्हणजे माझी साडी, माझा तवा, माझी नाडी, सगळं एका परक्या इंजिनाला गेलं? मी हे सगळं त्यांना मोठ्याने विचारलं. ते मान डोलावत राहिले. “तेच सांगतोय,” ते म्हणाले. “एकदा बदललं, आणखी एकदा बदलेल. पत्रा वाचला ना? झालं तर.” हे मला पटलं. रागाच्या भरात का होईना, पटलं. मी नाक पुसलं आणि नितेशला म्हटलं, घे बाबा.

मार्तंडराव खिडकीतून आत वाकले, किल्ली फिरवून काढली आणि नितेशच्या हातात दिली. आणि इंजिन चालूच राहिलं. ढुक ढुक ढुक, सगळी गाडी हलत होती. नितेश हातातल्या किल्लीकडे बघतोय, मग गाडीकडे.

“काका, ही बंद का होत नाही?”

“फार तापलीय ना,” मार्तंडराव म्हणाले. “आतल्या उष्णतेनेच पेट्रोल पेटतं. थांबेल.”

आम्ही तिघं उभे राहिलो. थांबेना. अडखळायची, आता संपली असं वाटायचं आणि पुन्हा एक उसळी घ्यायची. शेडमधला एक रंगारी काम टाकून बघायला आला. शेवटी मार्तंडराव दार उघडून आत बसले. ब्रेकवर पाय दाबला, स्टिअरिंगजवळचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने एक जोरात झटका दिला आणि इंजिन बंद पडलं.

ते उतरले नाहीत. गिअरवरचा हातही काढला नाही. नितेश पुढे जायला लागला, त्याला मी हाताने अडवलं आणि पलीकडून दार उघडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते समोरच्या काचेतून शेडच्या पत्र्याकडे बघत होते.

“अहो,” मी विचारलं, “इंजिन खरंच बदललं होतं का?”

“तू रडत होतीस म्हणून बोललो गं,” ते म्हणाले, आणि स्वतःच रडायला लागले.